आत्यांच्या नावाचं खातं

घरातला कुठलाही फोन रुसला की तो माझ्याकडे येतो. मी एका सरकारी ऑफिसात दिवसभर लोकांचे अर्ज कॉम्प्युटरवर भरते, त्यामुळे अर्ज या विषयात मला कोणी काही शिकवू नये, असा माझा समज होता. गेल्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी कूलरसमोर बसल्या बसल्या माझ्या सासूबाईंनी तो समज मोडून काढला.

सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आत्यांचं माहेर केम गावाजवळच्या एका वस्तीवर. बारावी झाल्या झाल्या लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या आणि पुढचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. साठी ओलांडल्यावर शेजारच्या मैत्रिणीला बरोबर घेऊन गेल्या आणि घरबसल्या बी.ए. करायला नाव घालून आल्या. आम्हाला कळलं ते पुस्तकांचा गठ्ठा घरात आल्यावर. मग वर्षभर दुपारची भांडी आवरली की त्या चष्मा लावून इतिहास घेऊन बसायच्या. मामा मोठ्यानं पेपर वाचायला लागले की त्यांची रवानगी बाहेरच्या खोलीत व्हायची.

सोमवारी सकाळी त्यांचा पहिला पेपर होता आणि रविवारी जेवणं झाल्यावर मला कळलं की हॉलतिकीट अजून काढलेलंच नाही. आत्यांच्या मते ते फोनमध्ये होतं, निवांत काढता आलं असतं. पण त्यांचा जुना फोन महिन्यापूर्वी पाण्याच्या पिंपात पडून कायमचा गप्प झाला होता. तो बिचारा न विचारता विद्यापीठाच्या खात्यात शिरायचा. नवा फोन पासवर्ड मागत होता.

पासवर्ड कुठं लिहिलाय म्हणून विचारलं तर आत्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीकडं बोट केलं. कॅलेंडरच्या खिळ्याखाली आमच्याकडे गॅसवाला, दूधवाला, नळ दुरुस्त करणारा असे सगळ्यांचे नंबर पेन्सिलीनं लिहिलेले असायचे. अभ्यास केंद्रातल्या बाईंनी दिलेला पासवर्डही त्यांनी तिथंच उतरवला होता. नवरात्राआधी आमच्याकडे सगळं घर धुऊन निघतं, गोधड्यांपासून डब्यांच्या झाकणांपर्यंत काही सुटत नाही. त्या साफसफाईत मीच हट्टानं भिंतीला पिस्ता रंग दिला होता. वेड्या आशेनं मी नखानं थोडा रंग खरवडून बघितला. खालचा जुना निळा दिसला, अक्षर एकही दिसलं नाही.

अभ्यास केंद्राचा फोन रविवारमुळे कोणी उचलेना. हॉलतिकीट नसेल तर पेपरला बसू देत नाहीत आणि पेपर बुडाला की वर्ष गेलं. बघ जमलं तर, एवढंच म्हणून आत्या पुस्तक उघडून बसल्या. पण पान काही उलटत नव्हतं. वर्षभर ज्यांनी मुलाबाळांच्या वरताण अभ्यास केला त्यांचं असं व्हावं आणि त्यात माझ्या रंगाचा हात असावा, या विचारानं मी पुन्हा फोन हातात घेतला.

पासवर्ड विसरलात का, या ओळीवर बोट ठेवलं. नोंदणी करताना दिलेलं नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर, तिन्ही जुळली तर ओटीपी येणार होता. हे तर माझं रोजचंच काम. मी आत्यांचं नाव घातलं, आधारवरची तारीख घातली. अशी नोंद सापडली नाही, असं उत्तर आलं. आत्या काही तरी सांगायला लागल्या. मी म्हटलं, थांबा जरा, आता होईल. मामा खुर्चीमागं उभे राहून आडनाव आधी घाल म्हणत होते. मी आडनाव आधी घातलं आणि श्रावणात आम्ही आत्यांच्या वाढदिवसाचा केक कापतो त्या दिवसाची तारीख टाकली. पुन्हा नोंद नाही. आत्या पुन्हा बोलायला लागल्या आणि मी पुन्हा त्यांना थांबवलं. तेवढ्यात पडद्यावर लाल अक्षरं आली, आणखी एकदा चुकलं तर खातं चोवीस तास बंद राहील.

मी फोनवरून हात काढून घेतला. उगाच मामांवर चिडले, मागं उभं राहू नका म्हणाले.

आत्यांनी पुस्तक मिटलं. "आता मी बोलू का? त्यात कुणाचं नाव घालतीस तू?"

"तुमचंच की, आत्या."

"ते हितलं हाय. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव दुसरं हाय."

आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो आणि ती पाटावरून उठते ती त्या नावानं. आत्याही तशाच उठल्या होत्या. पण बी.ए.चा अर्ज त्यांनी शाळेच्या कागदांवर, पहिल्या नावानं भरला होता. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्रसुद्धा त्या मैत्रिणीबरोबर जाऊन करून आल्या होत्या. बारा वर्षं मी या घरात आहे. लोकांच्या अर्जातली आईचं नाव, माहेरचं नाव असले रकाने रोज भरते. आणि माझ्या सासूचं आधीचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली. माझ्या लग्नात मी नाव बदलणार नाही म्हणाले तेव्हा सगळं गणगोत तोंड फुगवून बसलं होतं. "राहू द्या की तिचं नाव तिला," असं म्हणणाऱ्या एकट्या आत्याच होत्या. सासू मवाळ मिळाली, एवढाच अर्थ मी तेव्हा काढला होता.

त्यांनी नाव सांगितलं, मी घातलं. ते मी इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे. जन्मतारीख निघाली एक जून, कारण गुरुजींनी अर्धा वर्ग त्याच दिवशी जन्माला घातला होता. ओटीपी आला. नवा पासवर्ड द्या, अशी पाटी आली तशी मी सवयीनं फोन पुढं ओढला.

"सरक," आत्या म्हणाल्या. "तिकडं तोंड कर. तुमी बी."

मामा आणि मी निमूटपणे भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. आत्या एका बोटानं एकेक अक्षर टिपत होत्या, त्याला बराच वेळ लागला. मग हॉलतिकीट उघडलं. मामांनी फोन हातात घेऊन त्यावरचं नाव हळूहळू मोठ्यानं वाचलं.

"चांगलं होतं की नाव. बदललं कशाला आपण?"

"आपण न्हाय, तुमी. मला कुणी इचारलं हुतं?"

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. पुस्तक उघडून पुढचं पान वाचायला लागल्या. मामा उठले आणि टोपी घालून भर उन्हात प्रिंट काढायला निघाले. दुकान पाचला उघडतं हे त्यांना माहीत होतं.

सोमवारी आम्ही तिघंही सात रस्ता चौकाजवळच्या परीक्षा केंद्रावर गेलो. फाटकात कॉलेजच्या पोरापोरींची ही गर्दी. आत्या हॉलतिकीट छातीशी धरून त्यात शिरल्या आणि त्यांचा चष्मा मामांच्या हातातच राहिला. मामांनी आजवर त्यांना अगं आणि ऐकलं का यापलीकडं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. ते फाटकापर्यंत गेले आणि एसटीत कंडक्टर असतानाच्या त्यांच्या त्या खणखणीत आवाजात त्यांनी हॉलतिकिटावरचं नाव घेतलं. पहिल्या हाकेला आत्या चालतच राहिल्या. दुसऱ्या हाकेला जागच्या जागी थांबल्या, आणि वळून म्हणाल्या, "आले."