दोन भाऊ, दोन सॉफ्टवेअर

गाड्यांच्या धंद्यातले किस्से कधी साठतात ते कळतच नाही. प्रसंग घडतो तेव्हा तो नुसता मनस्ताप असतो. माणसं पांगली की त्याचा किस्सा होतो! पेणला आम्ही शोरूममधले जुने लोक भेटलो की हेच उगाळत बसतो. खूप हसतो. मग कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे यार," आणि चहा मागवतं.

आमची एजन्सी दोन भावांची. थोरले अण्णा पेणला, धाकटे भाई रोह्याला. मी पेणला सेल्समध्ये. सकाळी शटर उघडलं की रोह्याहून फोन.

"अण्णा, पांढरी हाय का?"

"हाय. पाठवू?"

झालं स्टॉकचं काम! पण नव्वद सालानंतर मॉडेलं वाढली, आणि कंपनी मागे लागली, कॉम्प्युटर घ्या.

*

पहिला डेमो द्यायला मुंबईहून एक टायवाला आला. "सर, कस्टमर तीन प्रकारचे. हॉट, वॉर्म आणि कोल्ड."

अण्णा म्हणाले, "आमचे जोह्याचे मूर्तीवाले आषाढात येऊन गाडीला नुसता हात लावून जातात. गणपती गेले की तीच गाडी घेतात. ते कशात?"

त्याने विचार केला. "कोल्ड, सर."

"अरे, त्यांच्यावरच माझं दुकान चालतं!"

तरी अण्णांनी तेच सॉफ्टवेअर घेतलं. का, तर पोरगा गरीब वाटला!

*

त्याच आठवड्यात भाईंनी रोह्याला पुण्याच्या कंपनीचं दुसरंच सॉफ्टवेअर घेतलं. का, तर त्याचा पडदा रंगीत होता!

अण्णांनी फोन केला. "मला विचारायचंस तरी."

"तू विचारलंस?"

*

पेणची फ्लॉपी रोह्याला उघडेना, रोह्याची पेणला. तरी आम्ही एसटीच्या कंडक्टरकडे फ्लॉप्या देत राहिलो. एकदा रोह्याची फ्लॉपी सुकटीच्या पिशवीतून आली. आमच्या ऑपरेटरने ती हुंगली आणि म्हणाला, "अण्णा, डेटा ताजा नाय!"

अण्णाही हसले. सकाळचा फोन तेव्हा चालू होता. फक्त गाड्यांचं कुणी कुणाला विचारत नव्हतं. मशीन होतं ना!

*

मग ती पांढरी गाडी. होती एकच, उभी पेणला. पण दोघांनीही ती आपापल्या कॉम्प्युटरात चढवलेली. आम्ही ती जोह्याच्या एका मास्तरांना विकली. भाईंनी तीच रोह्याकडच्या खांब गावच्या गिरणीवाल्याला. मुहूर्तही दोघांनी एकच काढलेला! भाई स्वतः गिरणीवाल्यांना घेऊन पेणला आले.

दोन कुटुंबं, दोन हार, दोन नारळ. गाडी एक!

मास्तरीणबाईंनी हार घालून टाकला. तोवर गिरणीवाल्याची म्हातारी आई मागच्या सीटवर बसलीसुद्धा. "मी नाय उतरायची. माझ्या लेकाची गाडी हाय ही!"

सगळ्यांदेखत अण्णा भाईंना म्हणाले, "बघ आता रंगीत पडदा!"

भाईंनी म्हातारीला हात देऊन उतरवलं, आपल्या गाडीत बसवलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रोह्याहून फोन आला नाही. नंतर कधीच आला नाही. आता रिसीव्हर उचलून रोह्याला फोन अण्णांनी लावायचा होता. आम्ही कुणी तसं म्हणालोही नाही.

*

एकदा तो टायवाला मशीन बघायला आला होता. अण्णांच्या बायकोने, वहिनींनी, त्याला गाठलं. "पेण आणि रोहा जोडून दे रे बाबा."

"मॅडम, त्यासाठी दोघांपैकी एकाला आपलं सोडावं लागेल."

"तेच तर व्हत नाय!" वहिनी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

*

पुढे रोह्याची शाखा बंद पडली. आणि एका दुपारी भाई पेणच्या शोरूममध्ये आले. लेकीचं लग्न ठरलं होतं, तिला गाडी द्यायची होती. केस पांढरे झालेले. कॉम्प्युटरवर नवीन मुलगी, ती काही त्यांना ओळखत नव्हती. काचेच्या केबिनमध्ये अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले, पण बाहेर येईनात.

मुलीने नाव विचारलं. भाईंनी सांगितलं. तिने ते टाईप केलं.

"काका, याआधी आमच्याकडनं गाडी घेतलीय का?"

भाईंनी एकदा केबिनकडे पाहिलं.

"घेतली नाय गो. विकल्यात."

मुलीने पडदा वरपासून खालपर्यंत बघितला.

"काका," ती म्हणाली, "तसा ऑप्शन नाय ह्यात."