आठ कर्ण्यांची जोडणी

कुठलाही स्पीकर हाती आला की नामदेव गजभिये आधी तो पालथा करत. मागच्या लोखंडावरची धूळ अंगठ्याने पुसून तिथला आकडा वाचत. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरचा आकडा वाचत. दोन्हींचा मेळ बसला तरच पेचकस उचलत. बसला नाही तर स्पीकर परत खाली ठेवत आणि म्हणत, "याचं त्याचं जमत नाही."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कळमन्याच्या पलीकडे आमचा कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना होता. नामदेवजी तिथे वायरमन आणि मी टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून. अ‍ॅम्प्लिफायर आणि माइक माझ्याच खोलीत असत. पाळी बदलली, ट्रक आला, कुणाच्या घरून निरोप आला, की नामदेवजी येऊन माइकवर सांगत. आवारात चार कर्णे होते. प्रत्येक गोष्ट ते दोनदा सांगायचे, सावकाश. "एकदा सांगतलं तं माणूस नुसता दचकते, बाबूजी. दुसऱ्या खेपेले त्याले समजते." कामगारांनाही सवय झाली होती. कर्णा वाजला की हातातलं काम थांबवून ते दुसऱ्या खेपेची वाट बघत.

मी एकदा त्यांना विचारलं, आकडा वाचताना हे ओहम ओहम म्हणता ते काय असतं?

"ओझं," ते म्हणाले. "पण उलटा हिशोब हाय. आकडा जेवढा लहान, तेवढं ओझं जड. आपला अ‍ॅम्प्लिफायर चार ओहमपर्यंत ओढते. एकेक कर्णा सोळाचा, चार बाजूबाजूनं जोडले का झाले चार. आता याच्या खाली त्याले न्यायचं नाही."

त्याला खाली नेण्याची वेळ आणली मॅनेजरांनी. मालक झेंडावंदनाला येणार होते आणि त्यांचं भाषण गोदामांच्या टोकापर्यंत ऐकू जायला हवं होतं. मॅनेजरांनी आणखी चार कर्णे मागवले. नामदेवजींनी आठही कर्ण्यांच्या दोन-दोनच्या जोड्या करून, जोडीतले दोन एकामागे एक असे जोडले. म्हणाले, आता आठ ओहम झाले, मशीनला धोका नाही. पण आवाज उतरला. मॅनेजर माझ्या खोलीत आले. मी रजिस्टर भरत होतो.

"हे काय करून ठेवलं? पहिल्यापेक्षा आवाज कमी झाला."

"साहेब, मोठा आवाज पाहिजे असन तं मोठा अ‍ॅम्प्लिफायर लागन. आठही सरळ बाजूबाजूनं जोडले तं दोन ओहम होते. वाजन जोरात, पण थो जळून जाईन."

"लगेच जळेल का?"

"लगेच नाही. गरम होत जाईन. कवा जाईन ते सांगता येत नाही."

"मग जोड सरळ. नंतर बदलू."

"साहेब, बैल हाकलला तं चालतेच. ओझं जास्त होतं हे मेल्यावर समजते."

"गजभिये, मी विचारत नाहीये, सांगतोय."

नामदेवजींनी माझ्याकडे पाहिलं. मी रेघ मारत राहिलो. मग त्यांनी स्टूल घेतलं आणि तारा बदलल्या.

भाषण दणक्यात झालं. त्यानंतर नामदेवजींनी तीनदा तरी जोडणी बदलायची परवानगी मागितली. हंगाम संपू दे, असं उत्तर मिळालं. ते रोज येऊन अ‍ॅम्प्लिफायरवर तळहात ठेवत, तो किती तापलाय ते बघत आणि निघून जात.

हंगाम संपत आला असताना, एका दुपारी कापसाच्या गठाणींच्या गोदामाच्या पुढच्या दाराशी आग लागली. ठिणगी कुठून आली ते शेवटपर्यंत कळलं नाही. आत सात-आठ बाया सरकी निवडत होत्या. पुढे गठाणींची भिंत, त्यामुळे त्यांना काही दिसत नव्हतं. नामदेवजी धावत माझ्या खोलीत आले, माइक उचलला आणि म्हणाले, "गोदामातल्या बायांनो, आग लागली हाय. मांगच्या..."

तेवढ्यावर आठही कर्णे गप्प झाले. मशीनमधून करपल्याचा वास आला. त्यांनी बटण दोनदा दाबून पाहिलं, माइक टाकला आणि गोदामाकडे धावले.

मागच्या दाराने त्यांनी पाच-सहा जणींना बाहेर काढलं. त्यांच्यातली शेवंता आणि तिची जाऊ सापडल्या नाहीत. संध्याकाळी सापडल्या, पुढच्या दाराजवळ. वाचलेल्यांपैकी एक बाई ओसरीवर बसून सगळ्यांना एकच सांगत होती, "मांगच्या म्हनलं, अन् बंद झालं. आमी दुसऱ्या खेपेची वाट पाहत उभ्या राह्यलो जी. आता सांगन, आता सांगन. मंग धूरच आला." नामदेवजी तिथेच उभे होते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. त्यांनी ते ऐकलं.

चौकशीला बाहेरून अधिकारी आला. मॅनेजरांनी सांगितलं की वायरमनने न विचारता जोडणी बदलली. नामदेवजींनी खरं ते सांगितलं आणि म्हणाले, बाबूजी तिथं बसून होते. अधिकाऱ्याने मला बोलावलं. माझी नोकरी दोन वर्षांची होती, घरात खाणारी पाच माणसं. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

नामदेवजींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्यांना काढून टाकलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते मला शहरात, सदर भागातल्या एका दुकानात दिसले. रेकॉर्ड प्लेअर आणि घरगुती स्पीकर दुरुस्त करत होते. हातांची कातडी चकचकीत झाली होती, खोकला लागला होता. समोर एक गिऱ्हाईक भांडत होतं. घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला दिवाणखान्यात दोन आणि अंगणात दोन स्पीकर जोडून हवे होते. दुकानदारही म्हणत होता, दे ना जोडून, त्याचं सामान आहे. नामदेवजी म्हणाले, "याचं त्याचं जमत नाही. दुसऱ्याकडून जोडून घ्या. मी नाही जोडत." गिऱ्हाईक गेलं. दुकानदार बोलत राहिला, ते ऐकत राहिले.

मी पुढे झालो. त्या दिवशी खोटं बोललो, एवढं कसंबसं म्हणालो.

"बोलले तुमी खोटं," ते म्हणाले. "पण तुमी खरं बोलले असते तरी तार माह्याच हातानं जोडली होती. नाही म्हनायले काय लागत होतं मले? नोकरी गेली असती. तशीही गेली." मग खालच्या स्पीकरकडे वळून म्हणाले, "जा तुमी. काम हाय मले."

दोन वर्षांनी ते गेले. दुकानदाराकडून कळलं म्हणून घरी गेलो. त्यांच्या बायकोने, अनसूयाबाईंनी, मला बसायला सतरंजी टाकली. मी कोण ते सांगितलं, तशा त्या समोर येऊन बसल्या.

"कारखान्यातले बाबूजी ना तुमी? ते कधी काही बोलले नाहीत. दोन बाया माह्या हातानं गेल्या, एवढंच म्हनत. लोकंही तसंच म्हनते. खरं काय झालतं, तुमाले माहीत असन."

मी सगळं सांगितलं. मॅनेजरांच्या हुकमापासून, माझ्या रेघा मारण्यापासून, चौकशीत मी दिलेल्या उत्तरापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"हे तवा काहून नाही सांगतलं जी?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं, आणि त्या ते मिळेपर्यंत बसून राहिल्या.