चाळीस डबे पेढे आणि ब्रिटनचा निकाल

जूनमध्ये, त्यातून ऐन रमजानात, दुबईला जायचं म्हणजे डोकं ठिकाणावर आहे का, असं मला तिघांनी विचारलं. चौथीनेही विचारलं असतं, पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

तिचं आधी सांगते. नाशिकच्या आमच्या सोळा घरांच्या सोसायटीत लिफ्ट बसवायची की नाही यावर मे महिन्यात मतदान झालं. नऊ विरुद्ध सात. आम्ही जिंकलो! मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि गुडघे माझे आहेत, त्यामुळे आनंद काय विचारता. त्याच संध्याकाळी किलोभर पेढे आणून वाटले. फक्त आमच्या बाजूच्या घरांत. उरलेल्या सातांत तळमजल्यावरची मालती होती, माझी बावीस वर्षांची मैत्रीण. लिफ्टचं बांधकाम नेमकं तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येणार, हे तिने सभेत सांगितलं तर मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "मग ट्यूबलाइट लाव." त्या दिवसापासून ती मला पाहिलं की दार लावून घेते. जिन्यात रोज ते बंद दार बघायचा कंटाळा आला, आणि तेवढ्यात धाकट्या भावाचा, विनूचा, फोन आला, "ताई, तिकिटं स्वस्त आहेत, ये." आले.

तर वाचकहो, पहिली टीप. उन्हाळा आणि रमजान एकत्र आले की मुंबई-दुबई जाऊन-येऊन साडेतेरा हजारांत होतं. मात्र बेचाळीस अंशांची तयारी ठेवा, आणि दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा प्यायचं नाही हे डोक्यात पक्कं बसवा.

गुरुवारी दुपारी उतरले. विनू ऑफिसात होता, म्हणून टॅक्सी केली. अल मनखूलला विनूच्या घरापर्यंत पंचेचाळीस दिरहम, म्हणजे आठशे तीस रुपये. ड्रायव्हर पाकिस्तानी, मीरपूरचा निघाला. त्याच दिवशी ब्रिटनमध्ये सार्वमत चालू होतं, युरोपातून बाहेर पडायचं की राहायचं. याच्या मोबाइलवर तेच लागलेलं. मी तीस वर्षं शिक्षिका होते आणि निवडणुकीच्या इतक्या ड्यूट्या केल्यात, की मतदान म्हटलं की माझे कान टवकारतात.

"आपका कोई है उधर?" मी विचारलं.

"चाचा है जी, बर्मिंगहम में. चालीस साल से. बोलता है, बाहर निकलने को वोट डालूँगा. खुद घुस गया, अब दरवाज़ा बंद करेगा!" आणि तो असा खदाखदा हसला, की मलाही हसू आवरेना.

विनूची बायको वसू दारातच उभी होती. चेहरा उतरलेला. तिचं अजमानला एक छोटंसं किचन आहे, डबे आणि पार्ट्यांच्या ऑर्डरींचं. दुबईपेक्षा भाडं निम्मं, म्हणून तिकडे. दीड वर्ष झालं तरी धंदा काही उभा राहत नव्हता. जूनअखेर जागेचं आणि लायसन्सचं रिन्यूअल होतं. विनूने स्पष्ट सांगितलं होतं, महिन्याचं बांधील काम मिळालं तर ठीक, नाहीतर तीस तारखेला कुलूप.

आणि काम समोर दिसत होतं. विनू ज्या काँट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनिअर आहे, तिचे दोन इंग्रज भागीदार, कॉलिन आणि मार्गारेट. ऑफिसमधल्या साठ माणसांच्या रोजच्या जेवणाचं काम कुणाला तरी द्यायचं होतं. मार्गारेटबाईंनी शुक्रवारी रात्री अबू धाबीत, अल रीम आयलंडवर, निकालाची पार्टी ठेवली होती. चाळीस माणसं. जेवण वसूचं. आवडलं तर साठ डबे तिचे.

"मग त्यात तोंड पाडायला काय झालं?" मी म्हटलं. "निकाल आहे ना? पेढे कर! प्रत्येकाच्या जागेवर एकेक डबा."

वसूची कळी खुलली. त्यांची बारा वर्षांची इरा म्हणाली, "आत्या, इट्स नॉट एस एस सी." पण मी ऐकते होय? निकाल म्हणजे पेढे, आणखी काय असतं? इराच्याच प्रिंटरवर 'काँग्रॅच्युलेशन्स' अशी सोनेरी लेबलं छापून घेतली. अभिनंदन कुणाचं, हा प्रश्न आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. खोटं कशाला बोलू.

शुक्रवार म्हणजे तिथला रविवार. सकाळी पावणेआठला टीव्हीवर निकाल आला. बाहेर! शंभरातले बावन्न बाहेर पडायला, अठ्ठेचाळीस राहायला. पडद्यावर एकीकडे लोक मिठ्या मारताहेत, दुसरीकडे बायका डोळे पुसताहेत.

"मॅडम कुठल्या बाजूच्या?" मी विचारलं.

विनूने चहाचा कप खाली ठेवला. "राहायच्या बाजूच्या. आणि कॉलिन बाहेर पडायच्या बाजूचा. दोन महिने ऑफिसात नुसती जुंपलीय."

अजमानला निघताना कोथिंबिरीसाठी मीना बाजारजवळ थांबलो. तिथल्या मनी एक्सचेंजसमोर ही रांग! पाउंड धाडकन पडला होता. रांगेतले एक सिंधी गृहस्थ फोनवर ओरडत होते, "बेटी की लंदन की फीस आज ही भेज दूँगा! अरे, मेरी तो ईद आज है!" त्यांच्या मागे एक गोरा तरुण हातातल्या फोनकडे बघत गप्प उभा होता. त्याला पगार पाउंडात मिळत असावा.

अजमानला पोहोचायला सकाळी जेमतेम पस्तीस मिनिटं लागतात. एरवी संध्याकाळी तेच अंतर दीड तास खातं, तेव्हा वेळ बघून निघा. वसूचं किचन एका दुकानांच्या ओळीत, मागच्या बाजूला आहे. इतकं लख्ख, की माझ्या स्वयंपाकघराची मला लाज वाटली. दुपारी तीनपर्यंत मसालेभात, भरली वांगी, छोटे बटाटेवडे, पुरणपोळ्या, सगळं तयार. आणि चाळीस डबे पेढे. एक जादा डबा मी माझ्या पिशवीत टाकला. का, ते तेव्हा ठरलं नव्हतं.

अबू धाबीला ३११ नंबरच्या रस्त्याने गेलो, त्यावर टोल नाही. दोन तास. वाटेत पेट्रोल पंपावर मी खाली उतरले आणि सवयीने पर्समधून चकली काढली. "आत्या, नॉट हिअर!" इरा एवढ्या जोरात ओरडली, की चकली परत पर्समध्ये. तिथेच विनूचा फोन वाजला. मार्गारेटबाई. तो दोनदा "येस मॅडम" म्हणाला आणि फोन ठेवून स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला.

"खलास. पार्टी कॅन्सल. पैसे देते म्हणाल्या, पण जेवण नको म्हणाल्या. कुणाला तोंड दाखवायची इच्छा नाही."

वसूने मागे वळून भाताच्या भांड्यावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "पैसे दिले काय न दिले काय. त्यांनी खाल्लंच नाही तर साठ डबे कोण देणार मला?"

माझं टाळकं सरकलं. ज्या देशाच्या निकालाशी आमचा काडीचा संबंध नाही, त्यापायी माझ्या भावजयीच्या किचनला कुलूप? "चाळीस माणसांना फोन करून झाले असतील का तिचे? निम्मे येणारच. गाडी काढ. यल्ला!"

अल रीम म्हणजे नुसते टॉवर. एवढी उंच घरं आणि प्रत्येकात चार-चार लिफ्ट. मला मालती आठवली, का ते तुम्हाला कळलंच असेल. पार्टी मार्गारेटबाईंच्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये होती. सूर्यास्त होऊन रस्त्यावर पुन्हा माणसं दिसू लागली होती, आणि माझा अंदाज बरोबर निघाला. पंचवीसेक जण आलेले. पण खोलीत मधोमध जणू रेघ मारलेली. खिडकीकडे कॉलिन आणि त्याची माणसं, लाल चेहऱ्याने मोठमोठ्याने हसत. भिंतीकडे बाकीचे, सुतकात बसल्यासारखे. आम्ही मुकाट्याने जेवण मांडलं. आणि इराने, गुणी पोर, सांगितल्याप्रमाणे प्रत्येक जागेवर एकेक डबा ठेवला.

तेवढ्यात मार्गारेटबाई खाली आल्या. डोळे सुजलेले. त्यांनी एक डबा उचलला, लेबल वाचलं आणि विनूकडे बघितलं. "इज धिस अ जोक?"

विनूच्या कपाळावर, त्या थंडगार एसीत, घाम. वसूने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

चूक माझी होती. मीच पुढे झाले. शाळेतल्या इंग्रजीत, जिथे अडेल तिथे इराच्या मदतीने, म्हटलं, "मॅडम, हे अभिनंदन तुमचं नाही. हा डबा जिंकणाऱ्याने द्यायचा असतो. आमच्याकडे मतदान झालं की जो जिंकतो, तो पेढे घेऊन आधी हरलेल्याच्या दारात जातो. स्वतःच्या हाताने देतो. हरलेला तो मोडतो आणि अर्धा जिंकलेल्याला भरवतो. तोवर जिंकणाऱ्याने स्वतः खायचा नाही. कारण उद्यापासून पाणी एकाच टाकीतून भरायचं असतं."

यातलं अर्धं खरं, अर्धं माझ्या पदरचं. गावच्या ग्रामपंचायतीला ड्यूटीवर असताना हरलेल्याच्या घरी पेढे नेणारा सरपंच मी पाहिला होता. अर्धा मोडून भरवायचं मात्र तिथल्या तिथे सुचलं. आणि बोलता बोलता माझ्याच मनात आलं. मी कुणाच्या दारात गेले होते? किलोभर पेढ्यांतला एकही मी खाली नेला नव्हता.

कुणी हलेना. मग इराने एक डबा उचलला आणि सरळ कॉलिनच्या हातात दिला. "युअर टर्न, अंकल."

कॉलिन ओशाळला. "मला तर मतही नव्हतं," तो म्हणाला. वीस वर्षं इथे राहतोय तो, आणि पंधरा वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलेल्यांना त्यात मत नव्हतं, हे मला नंतर विनूने सांगितलं.

"मत नव्हतं, तरी दोन महिने माझं डोकं खाल्लंस!" मार्गारेटबाई म्हणाल्या. भिंतीकडचं कुणीतरी फस्सकन हसलं. मग खिडकीकडचंही. कॉलिन हॉल ओलांडून आला, डबा उघडला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. बाईंनी पेढ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मोडला. अर्धा त्याच्या तोंडात जवळजवळ कोंबला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

"मी तुला माफ केलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग वसूकडे वळून, "पण हे काय आहे? फारच छान आहे."

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. एक वयस्क बाई डबा तिथेच ठेवून निघून गेल्या. दोघं शेवटपर्यंत एकमेकांकडे पाठ करून जेवले. पण जेवले! वडे पहिल्या दहा मिनिटांत संपले. कॉलिनने पुरणपोळी चार वेळा घेतली. आणि निघताना मार्गारेटबाईंनी विनूला नाही, वसूला विचारलं, "रविवारपासून साठ जणांचं जमेल?"

कॉलिन मागून म्हणाला, "या महिन्यात आमचं एकमत झालेली ही एकच गोष्ट."

गाडीत बसल्यावर वसू जी रडायला लागली, ती दुबईच्या हद्दीपर्यंत. आम्ही तिघं तिला हसत होतो आणि ती रडता रडता साठ माणसांना किती किलो तांदूळ लागतील ते सांगत होती. जिंकलो होतो आम्ही, बाजी मारली होती!

उरलेला आठवडा मी साठ डबे भरायला लागले, तेव्हा बुर्ज-बिर्ज काही पाहिलं नाही. अजमानच्या समुद्रावर मात्र संध्याकाळी जरूर जा, फुकट आहे आणि गर्दी कमी. तीस तारखेला विनूने रिन्यूअलच्या कागदावर सही केली आणि तो कागद किचनमध्ये देवाच्या फोटोखाली लावला.

नाशिकला पोहोचले तेव्हा लिफ्टचं काम सुरू झालं होतं. मालतीच्या खिडकीसमोर विटा रचलेल्या. मी बॅग जिन्यातच ठेवली. पिशवीतला तो जादा डबा आठवडाभर वसूच्या फ्रीजमध्ये राहून विमानातून माझ्याबरोबर आला होता. त्याच्यावरचं लेबल नखाने खरवडून काढलं आणि बेल वाजवली.

दार साखळीपुरतं उघडलं. माझं सगळं इंग्रजी, मराठी, निवडणुकीच्या ड्यूट्या, काही कामाला आलं नाही. "मालू, तेव्हा आधी तुझ्याकडे यायला हवं होतं," एवढंच म्हटलं. "आणि ट्यूबलाइटचं ते बोलायला नको होतं."

ती डब्याकडे बघत राहिली. मग साखळी काढली. एक पेढा उचलला, मधोमध मोडला आणि अर्धा माझ्यासमोर धरला.

मी तिच्याकडे बघतच राहिले. हिला कुणी सांगितलं?

"बघतेस काय? मला शुगर आहे, विसरलीस?" मालती म्हणाली. "उरलेला तू खा. आणि आत ये, खिडकीत उजेड आहे तोवर बघून घे."