टिंबातून शिरलेलं पाणी

माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आमच्या आप्पांनी पाण्यात घातला होता. अक्षरशः.

आज सकाळी आप्पा गेले. लिंगैक्य झाले. माझे थोरले चुलते. नांदूरघाटला भांड्यांचं दुकान.

गोष्ट नव्वदीतली. दुकानात स्टील, नॉनस्टिक घुसलं होतं आणि पितळ मागच्या फळीवर गेलं होतं.
मी पुण्यात फिजिक्स शिकत होते. पाण्यात आवाज सोडायचा आणि तो धातूच्या गोळ्यावर, नळकांड्यावर आपटून कसा विखुरतो ते मोजायचं, असा प्रोजेक्ट.

भरीव गोळा मिळाला. पोकळ काही मिळेना.
आप्पांनी दोन पितळी वाट्या जोडून करून दिला. पत्रा पातळच हवा, हा माझा हट्ट.
वर छिन्नीनं, ठिपक्या-ठिपक्यांनी नाव टाकलं: 'कु. सुनंदा, एम. एस्सी.'
पास व्हायच्या आधीच!

लॅबच्या टाकीत सोडला, तर एको रोज वेगळा. सोमवारचा ग्राफ मंगळवारी जुळेना.
सरांनी आठ दिवस दिले. घरी बाबांनी आधीच बजावलेलं, यंदा झालं नाही तर शिक्षण बंद. त्यांच्याशी माझ्यासाठी भांडले ते एकटे आप्पा.

आणि मी गोळा घेऊन एसटीनं आले नि गिऱ्हाइकांसमोर त्यांच्यावरच ओरडले.
"तुमच्या गोळ्यापायी माझं वर्ष चाललंय, आप्पा!"

त्यांनी गोळा कानाशी धरून हलवला.
"पानी हाय की गं आत."

मग चष्मा लावून नावावरून बोट फिरवत गेले. 'एम'पुढच्या टिंबाशी थांबले. छिन्नी आरपार गेली होती.
"मीच भोक पाडलं बग."

"पण नाव कावून टाकलं, आप्पा?"

"आगं, बिननावाचं भांडं देत्यात का कुनी? तितं कुनी उचलून नेलं म्हंजे?"

मला हसू आलं आणि रडूही.

त्याच दिवशी त्यांनी दुसरा गोळा केला. बिननावाचा. मग ग्राफ रोज तोच येऊ लागला. मी पास झाले, आणि आजही पाण्यातल्या आवाजाचंच काम करते.

त्यानंतर दर फोनवर, 'शरणार्थ' असा आमचा नमस्कार झाला की विचारायचे, "गळत न्हाई ना गं?"
मी नुसती हसायचे. ओरडल्याची माफी मागायची राहूनच गेली.

मठाला आप्पांच्या नावाची घागर द्यायची ठरलीय. नाव मीच टाकणार आहे, त्यांच्याच छिन्नीनं.

'लिं. आप्पा.'

टिंबाला हात हलका ठेवीन, आप्पा.
तेव्हा माझं चुकलं.
शरणार्थ.