मागून हाक

मांडवीच्या काळ्या वाळूत बसले होते. आगबोटीची वाट पाहणारी कोणी बाई शेजारी टेकली आणि मांडीवरचे गाठोडे पुन्हा नीट बांधायला म्हणून तिने सोडले. तांदळाच्या भाकरीचा आणि लसणीच्या चटणीचा वास आला. हवा खायला आलेली माणसे, चणेवाल्याची आरोळी, सगळे लांब गेले आणि मला गुदमरल्यासारखे झाले. लसणीच्या चटणीने जीव घाबरा होतो हे चारचौघांत सांगायची सोय नाही. तुम्ही हसणार नाही, म्हणून सांगते.

मी तेव्हा आठेक वर्षांची असेन. गणपती नुकतेच बोळवले होते आणि चाकरमानी मुंबईला परत निघाले होते. पावसाळाभर बंद असलेली आगबोट नुकती सुरू झालेली, त्यामुळे धक्क्यावर ही झुंबड. आगबोट किनाऱ्याला लागत नाही. ती दूर खोल पाण्यात उभी राहते आणि माणसांना पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, भरून तिथवर नेतात. धाकटे काका गिरणीत होते. खाडा पडला तर जागा जाईल या धास्तीने ते ट्रंक डोक्यावर घेऊन पहिल्याच पडावात घुसले. शिदोरी काकूच्या हातातच राहिली.

ते आधी माझ्या लक्षात आले. पडाव अजून सुटला नव्हता. एका हाकेसरशी काका उतरून आले असते आणि त्यांची जागा लगेच दुसऱ्याने घेतली असती. मागचा पडाव रिकामाच उभा होता. काकू नवऱ्याला हाक कशी मारणार? मारायची ती मीच. मी तोंड उघडले, तोच तिने माझ्या तोंडावर हात दाबला.

"गप गो! जाणाऱ्या माणसाला मागनं हाक मारू नये."

त्या हाताला चटणीचा वास होता. तिचे चुकले असे कोण म्हणेल? धक्क्यावरच्या कोणत्याही बाईने हेच केले असते, आणि एखादीने नसते केले तर सासूने तिला फाडून खाल्ले असते. मागच्या पडावाचा तांडेल म्हणाला, "द्या वैनी इकडं. माज्या पडावातनं धाडतो." काकूचा जीव भांड्यात पडला. ती हसलीसुद्धा.

त्या दिवशी पाण्याला उसळी होती. आगबोटीची शिडी आपल्याला आधी मिळावी म्हणून काकांच्या पडावातले सगळे एकदम एका अंगाला उठले. एवढेच झाले. धक्क्यावरून आम्हाला पडाव कललेला दिसला, मग दिसेनासा झाला. मागचा पडाव धावला, हाती लागतील त्यांना ओढून काढून आगबोटीवर चढवले. त्यांत काका नव्हते. ते तिसऱ्या दिवशी मिरकरवाड्याच्या बाजूला सापडले. शिदोरी मात्र सुखरूप मुंबईला पोचली. गिरणीतल्या एका गाववाल्याने ती पुढे परत आणून दिली. भाकऱ्यांना बुरशी आली होती, गाठ काकूने मारली होती तशीच होती.

त्यानंतर काकू घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मागून हाक मारू लागली. "थांब रे जरा!" माणूस चिडून वळला की म्हणायची, "काही नाही. जा." आधीच विधवा, त्यात मागून हाक! शुभकार्याला निघालेली माणसे मागल्या दाराने जाऊ लागली. माझ्या वडिलांनी तिला चार माणसांत खडसावले. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओसरीवर येऊन बसायची. आणि सांगायला लाज वाटते, लग्न होऊन सासरी निघाले तेव्हा मीही मागल्या दारानेच गेले. तो हात कोणाच्या तोंडावर होता हे काकूखेरीज घरात मला एकटीलाच ठाऊक होते, तरी गेले.

काकू गेल्या चैत्रात वारली. माहेरपणाला आले आहे ती त्यानंतर प्रथमच. धक्का तोच आहे, पडावही तसेच ठासून भरतात, आणि पोचवायला आलेल्या बायका तशाच मुकाट्याने उभ्या असतात. आज मांडवीवर जायला निघाले ती मुद्दाम पुढल्या दाराने निघाले. अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी, पाय आपोआप थांबले. ओसरीकडे पाठ करून तशीच उभी राहिले, बराच वेळ. मग बेडे लावून घेतले आणि चालू लागले.