सॅलिन्सच्या कालव्यावर सात फुटी बोट

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं फलटणकडे कालवा निरीक्षक म्हणून काढली. सायकलवरून, काठाकाठाने. पाण्यावरून एकदाही गेले नाहीत. अर्धांगाच्या झटक्यानंतर ते दोन महिने माझ्याकडे डब्लिनला राहिले, तेव्हा एकच मागणं मागितलं, "एकदा कालव्यातनं जाऊया. बोटीतच भात शिजवू." २०११चा ऑगस्ट होता आणि परतीच्या विमानाला चार दिवस उरले होते.

मी आयटीवाला. रात्रभर नेट उपसलं. कालव्यातल्या बोटींची जात रुंदीवरून ठरते, एवढं कळलं. सात फुटांच्या आतली ती नॅरोबोट. त्याहून रुंद, दहा-बारा फुटी, ती वाइडबीम. आणखी ऐसपैस त्या जुन्या मालवाहू बार्ज. वाइडबीम अरुंद लॉकमध्ये शिरत नाही, असं सगळीकडे ठळक लिहिलेलं. (लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात.) मी लगेच नॅरोबोट ठरवली.

"लॉकची रुंदी इचारलीस का?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, सगळं नेटवर आहे हो."

बोट सॅलिन्स या कालव्याकाठच्या गावी मिळणार होती. तिथे डब्लिनहून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. आम्ही कारने गेलो. रेनकोट, जाड मोजे, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात तांदूळ-डाळ. बोटवाल्याने तासभर शिकवलं, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, "पाऊस आला तर आत बसा, ग्रँड आहे." (इकडे 'ग्रँड' म्हणजे आपलं 'मस्त'.)

आत पलंग, गॅस, फुलाफुलांचे पडदे, सगळं होतं. मी बघून आलो आणि मग माझं डोकं ठिकाणावर आलं. झटक्यानंतर अण्णा कुणी बगलेत हात घालून शेजारी चाललं तरच चालायचे. बोटीच्या आतली वाट जेमतेम दोन फूट. शेजारी चालणार कोण? पायऱ्यांवर मी पुढून दोन्ही हात धरून बघितलं. त्यांचा डावा पाय दारातच वाकडा झाला.

"ऱ्हाऊदे. मला भाईरच बसायचं हुतं," अण्णा म्हणाले.

मागे सुकाणूपाशी खुर्ची टाकली. थोड्याच वेळात लिफी नदी आली. कालवा तिच्यावरून दगडी पुलातून जातो, खाली नदी, वर आमची बोट. अण्णा वाकून वाकून बघत होते. "पानी कुठं गळत न्हाय बघ," म्हणाले. त्या दिवसात ते तेवढंच हसले. पुढे पाऊस लागला, तो आडवा.

पहिल्या लॉकपाशी लॉक सांभाळणारा म्हातारा आला. बोट आत घेतली तर दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट पाणी मोकळंच. मी ओशाळून म्हणालो, "सात फुटांपेक्षा रुंद मावणार नाही, असं वाचलं होतं."

"ते इंग्लंडचं. तिकडे बारके लॉक आहेत. इथे तेरा फुटी बार्ज जाते, ग्रँड जाते. वडील आजारी, मग रुंद बोट का नाही घेतलीस?"

अण्णांना इंग्रजी पुरतं कळत नसे. पण मोकळ्या पाण्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि पुढची पाच मिनिटं माझ्याकडे पाहिलंच नाही. तीस वर्षं कालवा बघितलेला माणूस घरात बसलेला आणि मी नेटवर विश्वास ठेवला. मला माझीच लाज वाटली.

थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "लघवीला जायाचंय." शौचालय आत, त्या वाटेच्या टोकाला. मी बोट काठाला लावेपर्यंत उशीर झाला होता. पावसाने सगळं भिजलंच होतं, म्हणून काही दिसलं नाही, पण त्यांनी मांडीवर रेनकोट ओढून घेतला. लॉकवरच्या म्हाताऱ्याने बोट परत फिरवायला मदत केली. तांदळाचा डबा उघडलाच नाही. तुम्ही आई-वडिलांना नेणार असाल तर वाइडबीम घ्या, आणि लॉकची रुंदी तिथल्याच माणसाला विचारा.

घरी आल्यावर कपडे बदलून अण्णांनी आईला फोन लावला. तिचे गुडघे धरलेले, म्हणून ती आली नव्हती. मी स्वयंपाकघरात होतो. "आगं, झकास! आत पलंग हाय, चूल हाय, पडदं हायत. भात केला पोरानं. पाऊस आला तवा आतच पडलो हुतो म्या."

जानेवारीत अण्णा गेले. दहाव्याला जमलेल्या बायकांसमोर आई मला म्हणाली, "सांग की रं त्यास्नी, बोटीत कसं आरामात निजले हुते." मी पलंग सांगितला, पडदे सांगितले, त्यांनी भात दोनदा मागून घेतला असंही सांगितलं. ती अजून विचारते, आणि मी अजून तेच सांगतो.