छत्तीस जणांचा एकच भाऊ

केशव आष्टीकर सर रागीट होते, पण वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक भलतंच मनात धरतील.

एक्याऐंशीच्या जूनमध्ये ते जालन्याहून ट्रंक, वळकटी आणि स्टोव्ह घेऊन कुंभार पिंपळगावच्या पुढच्या एका लहान गावात उतरले. संस्थेची शाळा, पत्र्याच्या पाच खोल्या, दहावीचा वर्ग नुकताच निघालेला. बायको उमा जालन्यात कचेरीत नोकरीला होती, ती तिकडंच राहिली. सर शनिवारी जायचे, सोमवारी सकाळच्या एस.टी.नं परत यायचे. एवढे हाल कशासाठी? तर इंग्रजीसाठी! माणसाला इंग्रजीचं भारी वेड. त्यातही व्याकरणाचं, आणि व्याकरणातही त्या कॅन, मे, मस्ट, शूडचं. वर्गात सांगायचे, "अरे, एवढी चार-सहा क्रियापदं नीट वापरता आली ना, तर माणसाला कुठंही परवानगी मागता येते, नाही म्हणता येतं, दुसऱ्याला सल्ला देता येतो. अजून काय पाहिजे?"

पोरांना पाहिजे होते पस्तीस मार्क.

पहिली तीन वर्षं सरांनी सगळं समजावून शिकवलं. कॅन म्हणजे अंगात बळ आहे, जमतं. मे म्हणजे परवानगी, नाहीतर घडेल-न-घडेल अशी गोष्ट. मस्ट म्हणजे सुटका नाही, केलंच पाहिजे. शूड म्हणजे केलं तर बरं. ह्यांच्या मागं येणारं क्रियापद आहे तसं ठेवायचं, त्याला शेपूट लावायचं नाही, मध्ये 'टू' घुसडायचा नाही. घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. पोरं माना डोलवायची आणि पेपरात लिहून यायची, 'ही कॅन्स टू गोज'. सर कपाळाला हात लावायचे, खडू फेकून मारायचे, दोन दिवस वर्गाशी बोलायचे नाहीत. फरक शून्य. तिसऱ्या वर्षी एकतीसपैकी तीन जण इंग्रजीत सुटले. संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब शाळेत आले आणि सगळ्या मास्तरांदेखत म्हणाले, "सर, तुमचं इंग्रजी तुमच्यापाशीच राहून राह्यलं. पोरांपर्यंत काहीच येऊन राह्यलं न्हाई."

हे बोलणं सरांना फार झोंबलं. त्या दिवाळीच्या सुट्टीत ते घरी गेले ते एक वही करूनच परत आले. एकेका क्रियापदाची चार-चार वाक्यं, एक पत्र, दोन निबंध. पोरांना ओळखीचं वाटावं म्हणून वाक्यं सगळी गावातलीच, स्वतः रचलेली. कॅनसाठी 'माय ब्रदर कॅन ड्राइव्ह अ बुलक-कार्ट टू अंबड'. मस्टसाठी 'वी मस्ट क्लीन द वेल बिफोर जून'. सगळं रोज प्रार्थनेनंतर एका सुरात म्हणायचं, दहा-दहा वेळा लिहायचं आणि बोर्डाच्या पेपरात तसंच्या तसं उतरवायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही.

आणि काय सांगावं, जमलं की! त्या वर्षी अकरा पास, पुढच्या वर्षी एकोणीस. इतर ठिकाणी परीक्षेच्या वेळी खिडक्यांना माणसं लटकायची, चिठ्ठ्या आत जायच्या. आष्टीकर सरांनी ते कधी होऊ दिलं नाही. "कॉपी करायची नाही, पाठ करायचं," हा त्यांचा कायदा होता, आणि तो पाळणाऱ्याला ते जीव लावायचे.

शहाऐंशी साली दहावीत छत्तीस जण होते, त्यातली एक कारभारींची उषा. कारभारींना चार पोरीच, उषा थोरली. मळ्यातनं दोन मैल चालत यायची. बोलायची कमी, पण एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातनं जात नसे. एक दिवस मधल्या सुट्टीत ती वही घेऊन सरांपुढं उभी राहिली.

"सर, मला भाऊ न्हाई. मंग भाऊ बैलगाडी हाकतो, असं कसं लिहू?"

"पेपर तपासणारा तुझ्या घरी येणार आहे का भाऊ बघायला?"

"न्हाई सर. पण मी माझं एक लिहून बघितलंय."

वहीत तिनं लिहिलं होतं, 'माय फादर मे सेंड मी टू कॉलेज'. खाली दुसरं, 'आय मस्ट पास'. सरांनी दोनदा वाचलं. बिलकुल बरोबर. मे जिथं पाहिजे तिथंच, क्रियापदाला कसलं शेपूट नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या मनातलं इंग्रजीत मांडलं होतं. सरांचा चेहरा क्षणभर खुलला, आणि लगेच त्यांना भीती वाटली. आज हिनं स्वतःचं रचलं, उद्या हिचं बघून बाकीचे पस्तीस रचायला लागले, की पुन्हा ते 'कॅन्स टू गोज'! त्यांनी ते पान टरकावून खिशात घातलं.

"वाक्यं बरोबर आहेत. पण पेपरात मी दिलेलंच लिहायचं. नसती हुशारी करून मार्क घालवशील. मला शब्द दे."

उषानं मान खाली घालून शब्द दिला.

पुढं जानेवारीत तिचे वडील कारभारी स्वतः शाळेत आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरळ मुद्द्यावर आले. "गुरुजी, एक बोलायचंय. उषी पास झाली तर अंबडला तिच्या मामाकडं ठेवतो, कॉलेजात घालतो. तिला मास्तरीण व्हायचंय म्हणं. पण न्हाई झाली, तर निकाल लागल्याबरोबर उजवून टाकतो. वाटूरचं स्थळ आल्तं, अजून त्यांना हो-न्हाई सांगितलं न्हाई. दुसऱ्यांदा फारम भरायचा न्हाई, आधीच सांगून ठेवतो. मागं तीन हायती."

"उषा पास होणार," सर म्हणाले. "माझ्यावर सोडा. मी जबाबदार."

"मंग बिनघोर झालो," असं म्हणून कारभारी उठले.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये परीक्षा झाली. इंग्रजीच्या पेपरात प्रश्न आला, खालील शब्द स्वतःच्या वाक्यांत वापरा. पोरं हसत बाहेर आली. सगळ्यांनी धडाधड लिहिलं होतं. उषानंही सरांना दिलेला शब्द पाळला होता.

जूनमध्ये निकाल लागला आणि शाळेच्या कागदावर छत्तीसच्या छत्तीस नावांपुढं एकच शिक्का आला, निकाल राखून ठेवला. सोबत पत्र. सर्व उत्तरपत्रिकांतली वाक्यं, पत्र आणि निबंध अक्षरशः सारखे आढळल्यामुळं सामुदायिक कॉपीचा संशय आहे, चौकशीला हजर राहावं. सरांनी पत्र तीन वेळा वाचलं. कॉपी? माझ्या पोरांनी? त्यांना ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडायचं तेच कळेना.

दुपारी कारभारी आले.

"गुरुजी, पास का नापास?"

"नापास नाही. निकाल राखून ठेवलाय."

"म्हंजे पास?"

"अजून तसंही नाही. चौकशी होईल, मग सुटेल. महिना-दीड महिना थांबा, कारभारी. मी हात जोडतो. पोरीनं काही केलेलं नाही."

"ते मला ठावं हाय. पण गावात बोलून राह्यलेत ना, कारभारीच्या पोरीनं कॉपी केली म्हणून. हे वाटूरपर्यंत गेलं तर तेबी स्थळ जायचं. मंग मागच्या तिघींना कोण विचारंल?" त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही जबाबदार म्हणले होते, म्हणून गप बसलो होतो. आता आषाढ लागायच्या आत उरकून टाकतो."

आणि उरकलं. तेरा दिवसांत. सरांना लग्नाची पत्रिका आली होती, ते गेले नाहीत. कुठल्या तोंडानं जाणार?

चौकशी जुलैच्या शेवटी झाली. सर पस्तीस पोरं एस.टी.त भरून बोर्डाच्या कचेरीत गेले. टेबलापलीकडं एक वयस्कर बाई बसल्या होत्या, पुढं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. बाई रागावल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "सर, ह्या छत्तीस जणांचा भाऊ एकच आहे का हो? सगळ्यांचाच अंबडला बैलगाडी नेतोय."

पोरं खाली बघायला लागली. सरांनी सगळं सांगितलं, वहीसुद्धा पुढं ठेवली. बाईंनी वसंता नावाच्या पोराला पुढं बोलावलं. वसंतानं डोळे मिटून सगळी वाक्यं, पत्र आणि दोन्ही निबंध एका दमात म्हणून दाखवले. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. बाई ऐकत राहिल्या. शेवटी वसंताला म्हणाल्या, "शाब्बास. आता मला कॅन घालून एक नवीन वाक्य सांग. तुला काय काय येतं? पोहायला येतं? मग तेच सांग."

वसंतानं सरांकडं बघितलं. सरांच्या मनात आलं, बोल रे बाबा, आय कॅन स्विम, तीन शब्द आहेत. वसंता गप्प. त्याच्या मागचा गप्प. पस्तीस पोरं गप्प.

"ह्यांनी कॉपी केलेली नाही," बाई म्हणाल्या, "तसं मी लिहिते. निकाल सुटतील. पण सर, ह्यांना इंग्रजी येत नाही. आणि एक सांगते, मनाला लावून घेऊ नका. ह्यातल्या एकानं जरी स्वतःचं वाक्य लिहिलं असतं, तर निदान तेवढा निकाल आम्ही जूनमध्येच दिला असता."

सरांचा हात आपोआप खिशाकडं गेला. खिशात काही नव्हतं, ते पान त्यांनी कधीच टाकून दिलं होतं. एकीला येत होतं, मीच तिला लिहू दिलं नाही, एवढं बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि बोलवलं नाही. येताना गाडीत पोरं निकाल सुटणार म्हणून कल्ला करत होती. सर खिडकीला डोकं टेकून बसून राहिले.

सप्टेंबरात गुणपत्रिका आल्या. छत्तीसपैकी बावीस पास. उषाला इंग्रजीत एकाहत्तर. तालुक्यात कुणाला नसतील एवढे. तिची गुणपत्रिका शिपायाकरवी धाडता आली असती, कारभारींना बोलावून देता आली असती. पण सर म्हणाले, ही मी माझ्या हातानं देणार. मनात एक आशा होतीच. एकाहत्तर बघितल्यावर सासरचे हरखतील, म्हणतील, शिकू द्या पुढं. का नाही म्हणणार? रविवारी दोन गाड्या बदलून ते वाटूरला गेले आणि विचारत विचारत मच्छिंद्रच्या घरी पोचले. मच्छिंद्र म्हणजे उषाचा नवरा. तो रानात गेलेला. सासू सगुणाबाई आत धान्य निवडत बसलेल्या, त्यांचा नुसता आवाज येत होता.

उषा पाणी घेऊन ओसरीवर आली. हिरवा चुडा, डोक्यावर पदर.

"उषा, सुटला निकाल! पास झालीस. इंग्रजीत एकाहत्तर." सरांनी पाकीट पुढं केलं.

तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले, गुणपत्रिका घेतली. इंग्रजीच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ओठ हलले, डोळे भरून आले. मग तिनं मागं वळून दाराकडं बघितलं आणि कागद घाईघाईनं घडी घालून परत पाकिटात सारला.

"सर, हे इथं नका ठेवू."

"अगं तुझंच आहे!"

"हळू बोला सर." तिचा आवाज अगदी खाली गेला. "माझ्या बापूंनी इथं मी सातवी शिकले म्हणून सांगितलंय. हे आठवी नापास हायती. मुलगी जास्ती शिकलेली यांना चालत न्हाई. मी दहावीला बसल्ते हे कळलं तर म्हणतील, फसवलं. मंग मला अन् बापूंना दोघांनाबी खपवून घ्यायचे न्हाईत. घेऊन जा तुम्ही. जल्दी."

"मग कारभारींकडं देऊ?"

"त्यांनाबी नका देऊ. ते जन्मभर मनाला लावून घेतील."

तेवढ्यात सगुणाबाई सूप हातात घेऊनच दारात आल्या. सरांकडं, त्यांच्या हातातल्या पाकिटाकडं बघून म्हणाल्या, "कोण हायती गं हे?"

उषानं सरांकडं बघितलं नाही. "बापूंच्या वळखीचे हायती, आत्याबाई. घर चुकले. दुसऱ्या कुणाची चिठ्ठी घेऊन आल्ते."

सगुणाबाईंनी सरांना विचारलं, "व्हय का हो?"

"हो," आष्टीकर सर म्हणाले. "माझंच चुकलं."

"मंग च्या तरी घ्या."

चहा त्यांनी घेतला नाही. पाकीट शर्टाच्या आत घालून ते वाटूर फाट्यावर आले. परतूरची गाडी लागलेली होती, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. सर चढले नाहीत. टपरीसमोरच्या बाकड्यावर, चार लोकांदेखत, पस्तिशीचा तो रागीट माणूस हमसून हमसून रडला. टपरीवाल्यानं पाण्याचा गिलास पुढं केला आणि विचारलं, "कोण वारलं का हो, पाव्हणं?" सरांनी नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली का नाही म्हणून, हे टपरीवाल्याला कळलं नाही.